खिडकीपाशी अडुसष्ट

टोरोंटोच्या विमानतळावर माझी बॅग
दीड किलोने जास्त भरली.
काउंटरवरचा मुलगा म्हणाला, काहीतरी काढा.
मी टॉवेल उलगडला
आणि आतला वजनकाटा बाहेर घेतला.
तो हसला नाही, मागची रांग हसली.
अख्खा अटलांटिक मी तो मांडीवर धरून ओलांडला,
तान्हं मूल धरावं तसा.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं :
इल्दा, सुट्टी नोकरीला असते, साखरेला नसते.
मागचा ऑगस्ट आठवत होताच.
तीन आठवड्यांत चढलेले चार किलो,
ते उतरवता उतरवता एप्रिल उजाडला होता.

साऊँ जॉर्ज. बोटीतून पाय टेकतो न टेकतो
तोच दिओलिंदा वहिनीने गालाचा मुका घेतला,
दंडाला चिमटा काढला आणि निकाल दिला :
वाळलीस.
या बेटावर हा एकच आजार मानतात,
आणि त्याचं औषध चुलीवर असतं.

आमचं घर कड्याखाली, समुद्राला चिकटून.
फरशी काळ्या दगडाची, उंचसखल.
काटा दाराशी ठेवला तर एकाहत्तर,
चुलीजवळ साडेचौऱ्याहत्तर,
खिडकीपाशी अडुसष्ट.
तीन दिवस मी खिडकीपाशीच उभी राहिले.

आणि तीन दिवस तोंड आवरलं.
गोड पाव चतकोर. चीज नखाएवढं.
लसणात परतलेले शिंपले मोजून सहा,
आणि मग कुणाचं लक्ष नाही बघून
ताटलीतलं लोणी पावाने पुसून घेतलं,
ते मोजलं नाही.

चौथ्या सकाळी वहिनीने पकडलं.
"जेवू का, असं दगडाला विचारतेस होय?"
संध्याकाळी काटा अंगणात आला
आणि त्याच्यामागे सगळी वस्ती.
आमारू बूट घालून चढला, मग बूट काढून चढला,
म्हणाला, बघा, बूटच लठ्ठ आहेत.
फातिमाच्या जुळ्यांनी एकमेकांना ढकललं.
एका बकरीचंही झालं.

मग वेनान्सिया मावशी चढली,
काळी शाल सावरत, काठी माझ्या हातात देऊन.
सुई जरा हलली आणि थांबली.
बेचाळीस.

मागच्या उन्हाळ्यात आमारूने थट्टेत
तिला मासळीच्या तराजूवर बसवलं होतं.
तेव्हा बासष्ट होती. सगळ्यांना आठवत होतं.
कुणी काही बोललं नाही.
बकरी तेवढी ओरडली.
मावशी म्हणाली, काटा बिघडलाय तुझा, पोरी.
मी म्हटलं, हो, फरशीचा दोष आहे.
आम्ही अंगणात होतो.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या ताटातलं अर्धं
मी झाकून वर तिच्याकडे न्यायला लागले.
एकशे बारा पायऱ्या, हायड्रेंजियाच्या कुंपणामधून.
डॉक्टरीणबाईंना आवडला असता असा हिशेब :
अर्धं खाणं आणि वर चढण.
पण हिशेब कुठला नीट लागायला!
मावशी एकटी जेवत नसे.
समोर बसून कुणी खाल्लं तरच तिचा घास उतरे.
तेव्हा खाली अर्धं, वर पुन्हा अर्धं,
शिवाय ती कपाटातून काढायची ती अंजिरं.
तिने एक खाल्लं की मी एक,
आणि तिने थांबू नये म्हणून मी आणखी एक.

परत निघताना बॅग पुन्हा जास्त भरली.
या खेपेला चीज होतं.
काटा तिथेच ठेवून आले.

माझं विचाराल तर दोन किलो वाढले,
ब्लूअर स्ट्रीटवरच्या फार्मसीत, सपाट जमिनीवर.
डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.
मी अंजिरांबद्दल काही बोलले नाही.
आता संध्याकाळी तळ्यापर्यंत चालत जाते,
चतकोर पुन्हा चतकोर झालाय.

गुरुवारी वहिनीचा फोन येतो.
नमस्कार नाही, हवापाणी नाही, नुसता आकडा :
"पंचेचाळीस."
मी विचारते, कुठे? खिडकीपाशी की चुलीजवळ?
पलीकडे थोडा वेळ समुद्रच ऐकू येतो.
मग ती म्हणते,
"तुला कुठला हवाय?"